पी.एम.पी.ची परीक्षा आणि कारखान्यातला अनुभव

मालेगाव-भिवंडीच्या बाजारात हल्ली एक नवीन शब्द वारंवार कानावर पडतो. पी.एम.पी. कोणाचा पुतण्या रियाधला साइट इंजिनिअर आहे, तो फोनवर सांगतो की पी.एम.पी. झाल्याशिवाय वरची जागा मिळत नाही. कोणाचा जावई दुबईहून येतो तेव्हा बॅगेत जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन येतो आणि ईदच्या सुट्टीतही ते उघडून बसतो. वडील मंडळी मान डोलावतात आणि नंतर आम्हाला बाजूला घेऊन विचारतात, "ही डिग्री किती वर्षांची असते?"

ही डिग्री नव्हे. पूर्ण नाव प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल. अमेरिकेत १९६९ साली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही संस्था स्थापन झाली आणि १९८४ पासून ती ही परीक्षा घेते. एखादे ठरावीक काम ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या पैशात, माणसांकडून करवून घेण्याची अक्कल उमेदवाराला आहे की नाही, एवढेच त्यात पाहतात. पूल असो, रुग्णालय असो, संगणकाचा कार्यक्रम असो, परीक्षा एकच. आखाती देशांत तिला एवढा भाव का, हे समजणे अवघड नाही. सौदी अरबने २०१६ साली व्हिजन २०३० जाहीर केले, कतारने २०२२ च्या विश्वचषकासाठी मैदाने आणि रस्ते उभे केले, रियाधचे एक्स्पो २०३० साली आणि सौदीतला फुटबॉल विश्वचषक २०३४ साली ठरलेला आहे. जिथे एवढी कामे, तिथे कामे वेळेवर पार पाडणाऱ्यांची मागणी असणारच.

आम्ही कापडाचे व्यापारी. आम्ही ही परीक्षा दिलेली नाही आणि या वयात देण्याचा इरादाही नाही. पण गेल्या काही वर्षांत आमच्या घरातल्या आणि ओळखीतल्या पाच-सहा मुलांची तयारी आम्ही जवळून पाहिली, त्यांची पुस्तके चाळली, त्यांच्याशी वाद घातले. त्यावरून आमचे जे मत बनले ते व्यापारी बांधवांपुढे ठेवावेसे वाटते. मत असे की, आपल्या मुलांना ही परीक्षा अवघड जाते ती अक्कल कमी म्हणून नव्हे, आणि इंग्रजी कच्चे म्हणून तर त्याहून नव्हे. ती अडते अर्जावर.

या परीक्षेला कोणालाही बसता येत नाही. चार वर्षांची पदवी असेल तर ३६ महिने आणि शिक्षण बारावीपर्यंतचे असेल तर ६० महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव दाखवावा लागतो, तोही जुनापुराणा नव्हे, अलीकडच्या वर्षांतला. शिवाय या विषयाचे ३५ तासांचे शिक्षण घेतलेले असावे लागते. अर्जात प्रत्येक कामाची हकीकत लिहायची : काम काय होते, तुमची जबाबदारी कोणती होती, शेवटी निष्पन्न काय झाले. त्यातले काही अर्ज संस्था तपासणीला काढते. तुमचा अर्ज निघाला तर शिक्षणाची प्रमाणपत्रे आणि प्रत्येक कामाबद्दल ते माहीत असलेल्या माणसाची सही पाठवावी लागते.

आता आपल्या बाजाराची रीत पाहा. मुलगा डिप्लोमा करून चुलत्याच्या कारखान्यात लागतो. जुने साधे साचे काढून रेपियर बसवायचे काम त्याच्या गळ्यात पडते. पाया खणण्यापासून वीज मंडळाकडून वाढीव भार मंजूर करून आणण्यापर्यंत, फिटर शोधण्यापासून बँकेच्या माणसाला साचे दाखवण्यापर्यंत सगळे तो करतो. दीड वर्ष रात्रीचा दिवस करतो. त्याच्या हातात नेमणुकीचा कागद नाही. पगार म्हणून जे मिळते ते रोख, ईदला थोडे जास्त. कोटेशन चुलत्याच्या खिशात, तारखा मुनीमजीच्या डोक्यात, आणि फिटरशी ठरलेला करार चहाच्या टपरीवर तोंडी. पाच वर्षांनी हाच मुलगा अर्ज भरायला बसतो तेव्हा त्याच्यापाशी लिहायला पुष्कळ असते आणि दाखवायला काहीच नसते. एखाद्या मोठ्या कंपनीत तीन वर्षे फाइली इकडून तिकडे केलेला मुलगा मात्र छापील लेटरहेडवर अनुभव घेऊन येतो.

हा अन्याय आहे, पण तो अमेरिकेतल्या संस्थेने केलेला नाही. देणे-घेणे लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला फार आधीपासून आहे. उधारीच्या वहीबाबत ती आपण पाळतो, कामाच्या बाबतीत पाळत नाही.

इथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण याबाबत फार गैरसमज आढळतो. दुकान चालवणे हे प्रोजेक्ट नव्हे. रोज गाळा उघडणे, थान मोजून देणे, वसुलीला जाणे, साचे तीन पाळ्यांत चालवणे, हे सगळे अविरत चालणारे काम आहे, त्याला शेवट नाही. परीक्षेच्या भाषेत प्रोजेक्ट म्हणजे ज्याला सुरुवात आहे, शेवट आहे आणि ज्यातून पूर्वी नसलेली एखादी वस्तू किंवा व्यवस्था तयार होते. म्हणून वीस वर्षे गल्ल्यावर बसलेल्याचा अनुभव इथे शून्य धरला जाईल. पण नवीन शेड बांधणे, साचे बदलणे, कारखान्यावर सौर पॅनेल बसवणे, २०१७ च्या जुलैत जी.एस.टी. आला तेव्हा वहीखाते संगणकावर नेणे, हे सगळे प्रोजेक्ट आहेत. मुलाने अर्ज भरताना "घरचा व्यवसाय सांभाळला" असे लिहू नये. शेडचे काम लिहावे, महिने लिहावेत, आपण काय केले ते लिहावे.

आता तयारीविषयी. परीक्षेचे स्वरूप जानेवारी २०२१ पासून बदलले. त्या आराखड्यात १८० प्रश्न आणि २३० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटाच्या आसपास. साठ-साठ प्रश्नांनंतर दहा मिनिटांची सुट्टी, आणि सुट्टी घेतली की मागच्या प्रश्नांकडे परत जाता येत नाही. ४२ टक्के प्रश्न माणसांविषयी, ५० टक्के कामाच्या पद्धतीविषयी, ८ टक्के व्यवसायाच्या परिस्थितीविषयी. त्यानंतर संस्थेने जुलै २०२६ पासूनचा नवा आराखडा जाहीर केला, त्यात व्यवसायाच्या परिस्थितीचा वाटा ८ वरून २६ टक्क्यांवर नेला आहे. म्हणून मोठ्या भावाची जुनी पुस्तके आणि नोट्स घेऊन कोणी बसू नये. आधी संस्थेच्या आराखड्यातली तारीख पाहावी, मग पुस्तक घ्यावे. पास होण्यासाठी किती टक्के लागतात हे संस्था जाहीरच करत नाही. एखादा क्लासवाला छातीठोकपणे अमुक टक्के सांगत असेल तर तो अंदाज सांगतो आहे, एवढे समजावे.

पुस्तक पाठ करून हा पेपर सुटत नाही. व्याख्या विचारणारे प्रश्न थोडे. बहुतेक प्रश्न एखादा प्रसंग सांगतात आणि विचारतात की अशा वेळी तुम्ही प्रथम काय कराल. चार उत्तरे दिलेली असतात आणि कित्येकदा चारही बरोबर वाटतात. आपल्या मुलांची खरी गोची इथे होते, कारण त्यांनी चुलत्याला, मामाला, आम्हाला काम करताना पाहिलेले असते.

उदाहरण घ्या. मुंबईच्या पार्टीने पाच रंगांची ऑर्डर दिली. निम्मा माल विणून झाला आणि पार्टीचा फोन आला, "सेठ, आणखी दोन रंग टाका, तारीख तीच ठेवा." आपला व्यापारी काय करील? संबंध जुने आहेत, "हो जाएगा भाई" म्हणेल आणि फोन ठेवून प्रोसेसवाल्यावर ओरडेल. परीक्षेत हे उत्तर चूक. "ठरले त्यात नाही, जमणार नाही" असे तोडून टाकणे, तेही चूक. बरोबर उत्तर असे की, आधी या बदलाने दिवस किती वाढतात, खर्च किती वाढतो, कापडाच्या दर्जावर काय परिणाम होतो हे तपासावे, मग ते लेखी मांडून ज्याचा अधिकार आहे त्याच्याकडून मंजूर करून घ्यावे, आणि मगच सूत हलवावे. वाचताना हे कारकुनी वाटते. पण "हो जाएगा" म्हणून गेलेले पैसे किती व्यापाऱ्यांनी परत पाहिले, हे ज्याचे त्याने आठवावे.

दुसरा प्रसंग. जॉबरचे आणि फिटरचे पटत नाही, काम अडले आहे. आपल्याकडे दोघांपैकी एकाला घरी पाठवतात, किंवा मालकाच्या कानावर घालतात. परीक्षा म्हणते, आधी स्वतः दोघांशी बोला, कारण शोधा. वरिष्ठाकडे धावणे हा शेवटचा मार्ग, पहिला नव्हे. आम्ही एका मुलाला सरावाचे असे तीस-चाळीस प्रश्न सोडवताना पाहिले. त्याची चुकलेली उत्तरे जवळजवळ सगळी एकाच प्रकारची होती : तो तपासण्याआधी निर्णय घेत होता. त्याला आम्ही म्हटले, बेटा, तू पेपरात आजोबांसारखा वागतो आहेस. तो हसला, पण त्यानंतर त्याने चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही केली, प्रत्येकापुढे आपण का चुकलो ते एका ओळीत लिहिले. तयारीची याहून चांगली पद्धत आम्हाला दिसली नाही. दोन हजार प्रश्न घाईने सोडवण्यापेक्षा पाचशे सोडवून चुका वाचणे बरे.

गणिताची मात्र कोणी धास्ती घेऊ नये. हिशेब आपल्या रक्तात आहे, फक्त नावे नवीन आहेत. समजा एका ऑर्डरला सायझिंग ४ दिवस, विणाई १८ दिवस, प्रोसेस ९ दिवस, घडी आणि पॅकिंग ३ दिवस. एकामागून एक, एकूण ३४ दिवस. लेबले आणि खोकी छापायला ८ दिवस, पण ते काम बाजूने चालू शकते, फक्त पॅकिंगच्या आधी, म्हणजे ३१ व्या दिवसापर्यंत हाती यावे. छापखान्याला २३ दिवसांची सवड आहे. विणाईला एका दिवसाचीही नाही, साचा एक दिवस बंद राहिला की माल एक दिवस उशिरा. या न लवचणाऱ्या साखळीला ते क्रिटिकल पाथ म्हणतात. ही रीत १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत बसवली गेली. अनुभवी व्यापाऱ्याला ती नावाशिवाय ठाऊक असते. फरक इतकाच की तो छापखान्यावरही तितकाच ओरडतो जितका विणकरावर, आणि आपली ताकद वाया घालवतो.

दुसरा हिशेब मात्र आम्हालाही नवीन होता आणि प्रत्येक कारखानदाराने तो शिकावा असे आम्ही म्हणतो, परीक्षा द्यायची असो वा नसो. गोल आकडे धरू. २० साचे बसवायचे, एकाचा खर्च २ लाख, एकूण ४० लाख, मुदत १० आठवडे, आठवड्याला दोन. पाच आठवडे झाले. ठरल्याप्रमाणे १० साचे बसायला हवे होते, म्हणजे २० लाखांचे काम. मुनीमजी वही पाहून सांगतात, खर्च २० लाख झाला, सगळे बरोबर आहे. पण शेडमध्ये जाऊन मोजा तर साचे बसले आहेत आठ. म्हणजे झालेले काम १६ लाखांचे. १६ ला २० ने भागा, ०.८ आले. रुपयाला ऐंशी पैशांचे काम होते आहे, आणि वेळेच्या बाबतीतही नेमके तेवढेच. हीच चाल राहिली तर ४० लाखांचे काम ४० भागिले ०.८, म्हणजे ५० लाखांना पडेल. दहा लाखांचा खड्डा पाचव्या आठवड्यात दिसतो. वहीत तो कामाच्या शेवटी दिसला असता, बँकेचे हप्ते सुरू झाल्यावर. याला अर्न्ड व्हॅल्यू म्हणतात. पेपरात यावर थोडेच प्रश्न असतात, पण ज्याला ते समजले त्याला ते फुकटचे गुण.

आणखी एक सूत्र गमतीचे आहे. कामात माणसे जितकी, त्यांच्यातल्या बोलण्याच्या वाटा त्याहून किती तरी जास्त. संख्येला एक कमी संख्येने गुणायचे आणि निम्मे करायचे. चार भावांच्या पेढीत वाटा ६. भावांची पाच मुले धंद्यात आली, माणसे ९ झाली, वाटा ३६. एकत्र पेढ्या का फुटतात याची कारणे आपण भावजयांमध्ये शोधतो.

आता नवीन पद्धतीविषयी थोडेसे. २०२१ च्या आराखड्यापासून निम्मे प्रश्न अजाइल म्हणतात त्या पद्धतीचे किंवा मिश्र पद्धतीचे येऊ लागले. सगळे आधी ठरवून न टाकता थोडे करायचे, गिऱ्हाइकाला दाखवायचे, मग पुढचे करायचे. ज्याने नवीन डिझाइनचे आधी चार थान बाजारात टाकून पाहिले आणि चालल्यावरच बीम भरले, त्याला हे समजायला वेळ लागत नाही.

भाषेचा प्रश्न. हा पेपर अरबीत देता येतो, उर्दूत किंवा मराठीत नाही. आमचे स्वतःचे शिक्षण उर्दू माध्यमातले, मराठी आम्ही बाजारात आणि वर्तमानपत्रांतून शिकलो. म्हणून अनुभवाने सांगतो की उर्दू माध्यमाच्या मुलाने घाबरण्याचे कारण नाही. या पेपराला लागणारे इंग्रजी शब्द दोन-तीनशे आहेत आणि तेच तेच परत येतात. वही करावी, एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला उर्दूत किंवा मराठीत अर्थ, आणि पाठोपाठ आपल्या धंद्यातले एक उदाहरण. 'रिस्क' म्हणजे जे घडू शकते, 'इश्यू' म्हणजे जे घडून गेले. पावसाळ्यात वीज जाईल ही रिस्क, आज गेली हा इश्यू. पेपरात या दोहोंची उत्तरे वेगळी. प्रश्नातला शेवटचा वाक्यांश आधी वाचावा, "प्रथम काय", "यानंतर काय", "सर्वांत चांगले काय". पुष्कळ मुले तिथेच घसरतात.

ज्या मुलाचा अनुभव भरत नाही त्याच्यासाठी याच संस्थेची धाकटी परीक्षा आहे, सी.ए.पी.एम. तिला अनुभव लागत नाही, २३ तासांचे शिक्षण पुरते, प्रश्न १५०. कॉलेजातून नुकत्याच निघालेल्या मुलाने तिथून सुरुवात करावी. बाजारात मात्र त्याला दुसराच रस्ता दाखवणारे भेटतात. आमच्या ओळखीच्या एका मुलाला एका क्लासवाल्याने सांगितले की अनुभवाचे पत्र आम्ही तयार करून देतो, सही करणारा साहेबही आमचाच, वर थोडे पैसे द्या. घरी कॅमेऱ्यासमोर पेपर देण्याची सोय आहे, तिथे दुसरा माणूस बसवण्याच्या गोष्टीही त्याने केल्या. मुलाचे वडील आमच्याकडे सल्ल्याला आले. आम्ही त्यांना दोनच गोष्टी विचारल्या. आपण खोट्या मीटरचे कापड विकतो का? आणि उद्या रियाधमध्ये दोनशे मजूर त्याच्या हाताखाली असताना त्याला काम येत नाही हे कळले, तर तो कोणाला फोन करील? या सनदेच्या आचारसंहितेत प्रामाणिकपणा हे चार मूल्यांपैकी एक आहे. खोटे उघडकीस आले तर सनद जाते आणि नाव जाते, आणि परदेशात एका मुलाचे नाव गेले की त्याच्या गावाच्या पुढच्या दहा मुलांचे अर्ज संशयाने पाहिले जातात. वडिलांनी पैसे दिले नाहीत. मुलगा आता सी.ए.पी.एम.ची तयारी करतो आहे.

काही जुने मित्र आम्हाला म्हणतात, कागदाने कोणी व्यापारी झाला आहे का? नाही झाला, हे आम्हालाही मान्य. ज्या मुलाला बापाच्याच गाळ्यावर बसायचे आहे त्याने यावर पैसे घालू नयेत. शुल्क डॉलरमध्ये, काही शे डॉलरचे, क्लास वेगळा, आणि सनद मिळाली तरी दर तीन वर्षांनी ६० तासांचे पुढचे शिक्षण दाखवून ती जिवंत ठेवावी लागते. पण ज्याला नोकरीला बाहेर जायचे आहे, किंवा जो मोठ्या कंपन्यांची बांधकामाची, विजेची, यंत्रे बसवण्याची कामे ठेक्याने घेऊ पाहतो, त्याला हा कागद दरवाजा उघडून देतो. आत गेल्यावर काम त्याचे त्यालाच करावे लागेल.

तेव्हा कारखानदार बांधवांकडे आमचे मागणे साधे आहे. घरातल्या किंवा गल्लीतल्या मुलाला कामावर घ्याल तेव्हा लेटरहेडवर तारीख घालून नेमणुकीचे पत्र द्या. पगार बँकेतून द्या. शेड, साचे, सौर पॅनेल असे काम निघाले की ते संपूर्ण एका मुलाच्या नावे करा आणि त्याला एक फाइल उघडायला लावा : काम काय, मुदत किती, खर्च किती धरला, कोणी काय कबूल केले, काय बदलले आणि कोणाच्या सांगण्यावरून. काम संपले की त्या फाइलवर तुम्ही सही करा. ज्यांच्याकडे मागच्या दोन-तीन वर्षांतली कामे झालेली आहेत त्यांनी कोटेशन, बिले आणि बँकेचे कागद काढून आताच फाइल लावून घ्यावी, कारण संस्थेकडून तपासणीचा निरोप आल्यावर हातात फक्त तीन महिने असतात, आणि त्यात रमजान आला तर सही करणारे शेठजी दुपारनंतर सापडत नाहीत.